सहा सुतांची जागा

१४ नोव्हेंबर, शनिवार

चि. धाकट्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, त्याचं कारण पुढे येईल. घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा जरा बरा आहे, पण जिना चढताना ती दर पायरीला तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटते. आशीर्वाद की शिव्या, ते मी विचारत नाही. तुझ्या वहिनीने तुझी खोली झाडून पलंगावर नवी चादर घातली आहे. इतक्यात कशाला म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली.

वकीलसाहेब सांगत होते, तुरुंगात तू परवा कुणाचा तरी दात पाडलास. पाण्याच्या रांगेत धक्का लागला, एवढंच कारण. लहानपणी तू माझ्या मनगटाला कडकडून चावला होतास, तेव्हा आई म्हणाली होती, "राग दोघांचाही सारखाच आहे, एकाचा दिसतो एवढंच." मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

तू लिहिलं आहेस, "सोमवारी साक्षीला उभा राहा आणि माप कुणी चुकवलं ते सांग. पंचवीस वर्षं टायरांत हात काळे केलेस, तुझा शब्द न्यायाधीश मानतील." मानतील. म्हणून आधी माप काय होतं ते तुला नीट सांगतो. दुकानात तू मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीस.

तुझ्या गाडीला सव्वीस इंच उंच आणि साडेआठ इंच रुंद टायर योग्य होता. तू अठ्ठावीस उंच आणि साडेदहा रुंद मागितलास, कारण मागच्या शर्यतीत तुला हरवणाऱ्याच्या गाडीला तेच होते. त्याचं इंजिन तुझ्या दीडपट ताकदीचं. चाक उंच झालं की सुटताना इंजिनावर ओझं वाढतं, आणि चारशे मीटरची शर्यत पहिल्या वीस मीटरांतच निम्मी ठरलेली असते. रुंद टायर पकड जास्त देतो हे खरं, पण त्याला तेवढा रुंद रिम लागतो आणि मुख्य म्हणजे फिरायला जागा लागते. शर्यतीचा टायर मऊ असतो. हवा कमी भरलेली, सुटताना बाजूंना सुरकुत्या पडतात, आणि वेग वाढला की तो फुगून उंच होतो. उभ्या गाडीत घेतलेलं माप पळत्या गाडीला लागू पडत नाही. माझा सगळा धंदा या एका वाक्यात आहे.

एवढंच सांगायला लागलो होतो, तेव्हा तू दोन गिऱ्हाइकांसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. चष्मा जॅकखाली गेला. "तू ट्रॅक्टरची पंक्चरं काढ," म्हणालास. "देवभोळ्यांनी शर्यतीत तोंड घालू नये." एक गिऱ्हाईक हसलं. मी चष्मा उचलला, एक काच तडकली होती, आणि म्हणालो, "बरं. अठ्ठावीसच बसवू."

तू गेल्यावर मागच्या शेडमधला आपला वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, तो आला, चाकावरची पत्र्याची कमान कापायला. ठिणगीला मापातलं काही कळत नाही, असं तू जबाबात म्हटलं आहेस. खरंच कळत नाही. तो पत्रा कापतो, किती कापायचं ते मी सांगतो. दहा वर्षं असंच चालत आलं आहे, आणि मी सांगितल्यापेक्षा त्याने कधी सूतभर कमी-जास्त कापलेलं नाही.

त्याने एकदा कापून कड जोडली. आम्ही टायर चढवला, गाडी जमिनीवर उतरवली. टायर आणि कमान यांच्यामध्ये सहा सूत जागा उरली, म्हणजे पाऊण इंच. गाडी सुटताना मागून दबते, त्यात तीन सूत जागा जाणार होती. टायर फुगतो, त्यात चार. सहातून सात वजा करायला काही मोठी विद्या लागत नाही.

ठिणगीने पट्टी पाहिली आणि विचारलं, "अजून कापू का?"

मी म्हणालो, "नको. पुरेल."

"दादा, नक्की?"

"पुरेल म्हटलं ना."

हे लिहून झालं. चार दिवस एवढंच लिहायचं राहिलं होतं.

मला वाटलं होतं, टायर घासेल, धूर निघेल, तू वेग सोडशील आणि सगळ्यांसमोर हरशील. ते हसणारं गिऱ्हाईक तिथे असावं, अशीही इच्छा होती. शर्यतीच्या सकाळी मी देवासमोर बसलो आणि तू हरावास म्हणून हात जोडले. तू मरावास असं मनात नव्हतं. पण भरवेगात पत्र्याची कड टायरात शिरली तर काय होतं, हे मला ठाऊक होतं. तो विचार मी दाराशीच उभा ठेवला, आत घेतला नाही.

पुढचं तुला कितपत आठवतं, माहीत नाही. टायर फाटला आणि गाडी आडवी झाली. भिंतीला आपटली, उलटली आणि छपरावर घासत पार शेवटच्या खांबापर्यंत गेली. मी पोचलो तेव्हा तू खिडकीतून सरपटत बाहेर येत होतास. कपाळाची कातडी सुटून डोळ्यावर आली होती. मी देवाचे आभार मानत होतो आणि तू मागचं चाक बघत होतास. कमानीच्या कडेला चिकटलेलं रबर तू बोटाने खरवडून काढलंस. मग शेजारच्या हत्यारांच्या पेटीतून चाकाचा लांब पाना उचललास.

ठिणगी आग विझवायचं नळकांडं घेऊन तुझ्याचकडे धावत येत होता. तुला वाचवायला.

पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि तो पडला. दुसरा अडवायला त्याने उजवा हात वर केला. नंतरचे सगळे त्या हातावर. एकूण सहा, मी मोजले. तू ओरडत होतास, "माप चुकवून माझा जीव घेत होतास." मी सात पावलांवर होतो. ठिणगीने जमिनीवरून माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पाचव्या घावाला आवाज बदलला, ओलं काहीतरी ठेचल्यासारखा झाला, तरी मी बोललो नाही. पाना माझ्याकडे वळेल, ही भीती होती. लोकांनी तुला धरलं. मी नाही धरलं.

त्याचा हात मनगटापासून काढावा लागला, हे तुला कळलंच आहे. बुधवारी मी दवाखान्यात गेलो. तो डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होता, अर्धं अंगावर सांडत होता.

"तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू?"

"की पुरेल असं मी सांगितलं होतं."

"बोललो असतो तर त्याने तुला धरलं असतं," तो म्हणाला. "माझं हातावर निभावलं. तुझं डोकं गेलं असतं. डोक्याला वेल्डिंग बसत नाही, दादा." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. "चुकतं माणसाचं एखाद्या वेळी."

"चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

त्याने चमचा खाली ठेवला. मग तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता," एवढंच म्हणाला.

वकीलसाहेबांचा बेत असा होता, की ठिणगीने जुन्या भांडणापोटी मुद्दाम कमान कमी कापली असं मी शपथेवर सांगायचं. तुझी शिक्षा निम्म्याने उतरेल. काल मी त्यांच्या ऑफिसात गेलो आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. ते दार लावून घेत म्हणाले, "हे देवाला सांगा आणि घरी जाऊन गप्प बसा."

"देवाला सांगून झालं, साहेब," मी म्हणालो. "तो गप्प आहे म्हणून तर तुमच्याकडे आलो."

तिथून सरळ पोलीस चौकीत गेलो. जबाब लिहून दिला, खाली सही केली. सोमवारी न्यायाधीशांसमोर तेच बोलणार आहे. तुझी शिक्षा याने कमी होणार नाही. कदाचित मलाही आत घेतील. आईला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

तुझे सहा घाव मी माझ्या नावावर घेत नाही. पाना तू उचललास, त्याचं ओझं तुलाच वाहायचं आहे. पण ते चुकीच्या माणसावर पडत होते, हे त्या मैदानावर मला ठाऊक होतं आणि ज्याला मारलं जात होतं त्याला. तो वेदनेने बोलला नाही असं मी स्वतःला सांगत होतो, तेही आता गेलं.

मला आत पाठवलं, तर तुझ्याच बराकीत ठेवा अशी विनंती करणार आहे. नाही पाठवलं, तर दर भेटीच्या दिवशी येऊन बसेन, तू आलास न आलास तरी. समोर आलो की काय करायचं ते तू ठरव. मी अडवायला हात वर करणार नाही.

माप ठाऊक असून गप्प राहिलेला,
तुझाच
दादा