पन्नासच्या पुढे न जाणारी गाडी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, बोलणं कमी कर (तुझ्यासारख्याच्या घरात ते कसं जमायचं, ते तिचं तिनं बघावं). इकडे सगळं ठीक आहे. आई ठीक, आमचे हे ठीक, माझं पडदे शिवायचं दुकानही ठीक चाललंय. ठीक नाही ती फक्त तू मोठ्या मनाने मला दिलेली गाडी. त्याबद्दल फोनवर बोलायला लागले असते तर दुसऱ्याच वाक्याला तुझी रेंज गेली असती. म्हणून पत्र लिहितेय. आता पूर्ण वाच.

गाडी देताना तू म्हणाला होतास, लोण्यासारखी चालते. चालत असेल, पण फ्रीजमधल्या. पन्नासपर्यंत शहाण्यासारखी येते. काटा त्याच्या जवळ गेला की टिंग टिंग सुरू, आणि मग ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ढिम्म! परवा मोठ्या रस्त्यावर मला एका सिमेंटच्या मिक्सरने ओव्हरटेक केलं. त्याचं ते अवाढव्य पिंप स्वतःभोवती फिरत होतं, दादा, आणि फिरता फिरता तो माझ्या पुढे गेला. त्यात शेजारच्या सीटवर पडद्यांचं गाठोडं ठेवलं की गाडीला वाटतं कोणीतरी बसलंय, आणि त्या कोणीतरीने पट्टा बांधेपर्यंत ती रेडिओ लागू देत नाही. म्हणून मी गाठोड्याला पट्टा बांधते. सिग्नलला लोक टक लावून बघतात. एवढं करून रेडिओ लागतो तोही कानात गुपित सांगितल्यासारखा. आवाज वाढवायला गेलं की टिंग!

हे सगळं मी सोसलं असतं. पण महिनाअखेरीला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि दवाखाना मोठ्या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आईला मीच घेऊन जाणार. सवय व्हावी म्हणून तिला एक चक्कर मारायला नेलं, तर टिंग टिंग ऐकून ती पहिल्याच वळणावर गाडी थांबवायला लावून उतरली आणि काठी टेकत घरी चालत आली. दारातच निकाल दिला, "दादाला बोलव. तो नेईल." मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. डोळ्यांत थेंब मी घालायचे, डॉक्टरांकडे ताटकळत मी बसायचं, रात्री तिचा चष्मा मी शोधायचा, आणि न्यायची वेळ आली की दादा! गाडी चालवायला लागून मला इतकी वर्षं झाली, पण आईच्या लेखी मी अजून तीनचाकी सायकल कुंपणात घालतेच आहे.

तेव्हा गाडी दुरुस्त करणं आलं. आधी आमच्या ह्यांना बरोबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे काचेची खोली, थंडगार हवा, फुकट कॉफी (कॉफी फुकट दिसली की मी आता पर्स घट्ट धरते). टाय लावलेल्या एका साहेबांनी, गाडी कोण चालवतं, असं विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी "अच्छा" म्हणून मान डोलावली आणि पुढचं सगळं आमच्या ह्यांना समजावून सांगितलं. आमच्या ह्यांना गाडीत पेट्रोल कुठून घालतात हेसुद्धा माहीत नाही, पण तेही अशी मान डोलवत होते की जणू इंजिन त्यांनीच घडवलंय. निष्कर्ष काय, तर गाडीचा मेंदूच बदलावा लागेल. त्यासाठी त्यांनी कागदावर जो आकडा लिहून दिला, त्यात मी घरातलं सगळं नवीन घेतलं असतं आणि आमच्या ह्यांच्याबद्दलही विचार केला असता.

मग ह्यांच्या ओळखीतला स्वस्तातला मेकॅनिक. त्यानेही तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर ऐकलं, आणि हसून ह्यांना म्हणाला, "बाईमाणसाच्या हातून कुठलं तरी बटण दाबलं जातं हो." मी तिथेच त्याला दाबणार होते. त्याने बॅटरीच्या तारा सोडल्या, चहा प्यायला, तारा जोडल्या. टिंग टिंग होतं तसंच राहिलं, फक्त घड्याळ बिघडलं. आता गाडीत कायम मध्यरात्र असते.

शेवटी एक गाड्यांचा इलेक्ट्रिशियन गाठला. हा तर बढाईखोरांचा राजा. लॅपटॉप लावून तासभर तो मला स्वतःच्या हुशारीचे किस्से सांगत होता आणि लॅपटॉप म्हणत होता, दोष नाही. दोष नाही म्हणजे काय, म्हणून मी आवाज चढवला. तेव्हा निदान घड्याळ तरी लावून देतो म्हणून तो गाडीच्या स्क्रीनवर इकडे तिकडे बोटं मारत बसला, आणि घड्याळ शोधता शोधता भलत्याच पानावर पोहोचला. त्यावर लिहिलं होतं: किल्ली दुसरी, शिकाऊ चालक. वेगाला मर्यादा पन्नास. आवाजाला मर्यादा. पट्ट्याशिवाय रेडिओ बंद. म्हणजे घरात पोरगं नवीन गाडी चालवायला लागलं की आईबाप त्याच्या किल्लीला जी वेसण घालतात, ती! मला आधी वाटलं, भाच्यासाठी केलेली किल्ली तू चुकून मला दिलीस. तेवढ्यात इलेक्ट्रिशियनने खालची ओळ वाचली आणि विचारलं, "ही भिंगरी कोण?"

दादा, त्या नावाने मला या जगात तू एकटाच हाक मारतोस.

भर गॅरेजमध्ये मी काय बोलले ते लिहीत नाही, पत्र वहिनीही वाचेल. आमचे हे इतके हसले की त्यांना टायरवर बसवावं लागलं. मी तीन गॅरेजं पालथी घातली, दोन परक्या पुरुषांकडून चालक म्हणून अपमान करून घेतला, मिक्सरच्या मागे राहिले, आणि गाडी ठणठणीत! बिघाड तुझ्या डोक्यात! बहिणीची एवढी काळजी होती तर तोंडाने "हळू चालव" म्हणायचं होतंस. मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

वहिनीला नमस्कार. तुझे आशीर्वाद असू देत, पण जरा पन्नासच्या वर जाणारे.

तुझी,
(नाव तुला ठाऊक आहे, आता त्या इलेक्ट्रिशियनलाही ठाऊक आहे)

ता. क. – ही वेसण काढायला पहिली किल्ली लागते आणि ती तुझ्या कपाटात आहे. पत्र मिळताच कुरियरने पाठव. ऑपरेशनच्या आधी मला ती हवीच.

ता. क. २ – किल्लीला वेसण कशी घालतात तेही मी शिकून घेतलंय. तू इकडे आलास की तुला चाळीसवाली मिळेल.

ता. क. ३ – पाकीट बंद करत होते तेवढ्यात आई विचारायला आली, एवढं काय लिहितेस? म्हणून तिला सगळं वाचून दाखवलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "पन्नासच्या पुढे जातच नाही? मग हे आधी नाही का सांगायचं? मी तुझ्याच गाडीतून जाणार." तेव्हा किल्ली इतक्यात पाठवू नकोस. तिथेच कुलपात ठेव, आणि ऑपरेशन होईपर्यंत ती हरवली आहे असं समज. तू मात्र ये. मागे बसायचं, पट्टा बांधायचा, आणि "जरा दाब की" म्हणायचं नाही.