हरणी उजवीकडे वळत नाही

२४ ऑगस्ट, रविवार
आंजीहून, दादाकडून परतताना इतकी चिडले होते की नालवाडीतलं आपल्याच घराकडचं वळण सोडून सरळ पुढे गेले. अविनाश म्हणाला, गाडी मी चालवू का? त्यालाही बोलले. बिचाऱ्या नवऱ्याचा काही दोष नव्हता.
दादानं त्याच्या घोडीला, हरणीला, काटेरी लगाम घातलाय. आतल्या बाजूनं लोखंडी दात असतात तो, वरातीच्या घोड्यांना घालतात तसला. तोंडाच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. का, तर म्हणे, "उजवीकडं वळतच नाई ते. अडेल झाली हाय." शाळेत हा मास्तर पोरांना पट्टीसुद्धा लावत नाही, आणि घरी मुक्या जनावराच्या तोंडात खिळे!
लगाम काढला आणि त्याच्यासमोर विहिरीत टाकला. तो ओरडला, "तू माणसाईची मालिशवाली, तुले घोड्यातलं काय समजते?"
मालिशवाली. सख्खा भाऊ.

२५ ऑगस्ट
दिवसभर माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेशंट. एका आजींचा खांदा, एका क्लार्कची कंबर. हात चालू, डोकं आंजीत. पुण्याला तो घोड्यांचा कोर्स केला तेव्हा हाच दादा गावभर सांगत फिरला होता, "आमची सुषमा आता घोड्याईची बी डॉक्टर." आता मालिशवाली.
इथून पुढे दादाला नुसतं दा. लिहिणार. पूर्ण लिहिण्याइतकं प्रेम सध्या शिल्लक नाही.

३१ ऑगस्ट, रवि.
गेले. न बोलावता. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारलं. त्यांनी हरणीचे खूर आणि पाय मागेच तपासलेत, दोष नाही म्हणाले. पाठ बघा तुम्ही, माझी हरकत नाही. भला माणूस.
हरणीची पाठ: मणक्याच्या उजव्या बाजूनं बोटं फिरवली, डोळे मिटून उभी राहिली. डाव्या बाजूला, खोगीर बसतं तिथे नुसता तळवा टेकवला तर पाठ खाली दबली आणि कान मागे गेले. डावीकडचे स्नायू कांडीसारखे कडक. गाजर डाव्या कुशीकडे नेलं, मान वळवून मटकावलं. उजव्या कुशीकडे नेलं तर मान अर्ध्यातच थांबली आणि तिनं सगळं अंगच फिरवलं. खायचं तर होतं, पण उजवीकडे वळलं की डावी बाजू ताणली जाते आणि तिथेच दुखतं.
म्हणजे अडेलपणा नाही. दुखणं आहे. दा.ला सांगितलं. तो म्हणाला, "मंग कर ना तिले मालिश. मी कुठी नाई म्हणतो?"
केली. पाऊण तास. शेवटी हरणीनं लांबलचक जांभई दिली, ओठ चाटले. मला जरा बरं वाटलं. पण डाव्या बाजूलाच का?

७ सप्टेंबर, रवि.
कळलं. आणि कळल्यापासून डोकं फुटायची वेळ आलीय.
दा. रपेट मारून आला. खोगीर मी उतरवलं. पाठ घामानं ओली, पण डावीकडे तळहाताएवढा भाग कोरडा ठाक. जिथे दाब फार पडतो तिथे घाम सुटत नाही. खोगिराखालचं घोंगडं उलगडलं तर आत, डाव्या बाजूला, आईच्या जुन्या गोधडीची घडी शिवलेली. चांगली जाड, पक्क्या टाक्यांची.
"हे काय आहे?"
"खोगीर डावीकडं कलते. मनून टेका देला."
खोगीर डावीकडे कलतं कारण हा डावीकडे बसतो. तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, उजवा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पाय बोटभर आखूड राहिला. व्यायाम मी लिहून दिले होते. एकही केला नाही. खुबा आखडला, उजवी मांडी घोडीच्या पाठीवर उघडतच नाही, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर. आणि लोकांना वाकडा दिसू नये म्हणून खाली गोधडीची उशी! वरून मास्तर ताठ, खाली घोडीचा मणका चेपतोय.
नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याच घरासाठी केली असावी.
टाके उसवून गोधडी काढून घेतली. मी सोबत आणलीय. देणार नाही.

८ सप्टेंबर
रागाच्या भरात काल एक गोष्ट लिहायची राहिली. उशी शिवलेली बघितली तेव्हा वहिनी ओट्यावर होती. तिनं मान फिरवली. टाके तिचेच. तिला माहीत होतं.

१४ सप्टेंबर, रवि.
आज युक्ती केली. दा.ला गोठ्यात कुटाराच्या, मऊ भुशाच्या पोत्यावर बसवलं. म्हटलं, डोळे मिट, पाय सोड, आणि सांग, कोणत्या हाडावर बसलास? डाव्या की उजव्या?
"दोनईवर."
"नीट पाह्य. घाई नको करू."
"सांगतलं ना, दोनईवर!"
त्याला खरंच तसं वाटतं. हे मी पेशंटमध्ये रोज बघते. वाकडं बसायची सवय झाली की शरीराला तेच सरळ वाटतं. त्याला उठवलं आणि पोतं दाखवलं. डावीकडे खड्डा, उजवीकडे नुसती सुरकुती.
दा.नं पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोतंच वाकडं हाय."
मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात पोतं घालावंसं वाटलं. म्हटलं, दवाखान्यात ये, टेबलवर झोप, खुबा बघते. पंधरवड्यात फरक पडेल.
"तू घोडीचं पाह्य. माह्यं नको पाहू. मले काई झालं नाई."
हेच ते. घोडीला माझे हात चालतात. त्याला नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

१७ सप्टें.
वहिनीचा (इथून पुढे व.) फोन. हळू आवाजात, बहुतेक तो अंगणात होता. "ताई, तुम्ही त्याईले लंगडा नोका म्हनू."
मी लंगडा म्हटलंच नव्हतं. एकदाही नाही.
व. म्हणाली, शाळेत व्हरांड्यापर्यंत गाडी नेतात. लग्नाला गेले तर कोपऱ्यात खुर्ची धरून बसतात, जेवायला उठत नाहीत. पोरं मागून चालून दाखवतात, ते ऐकू येतं त्यांना. "घोडीवर बसले का मंगच ते पहिल्यासारखे दिसते. मनून मी शिवली गोधडी. माह्यं चुकलं असन."
तिच्यावरही चिडायचं ठरवलं होतं, जमलं नाही.
पण हरणीनं काय केलंय? तिची पाठ म्हणजे याची इज्जत झाकायचं पांघरूण आहे का?

२१ सप्टेंबर, रवि.
भांडण. जोरात. शेजारचे काका कुंपणाशी येऊन उभे.
गेल्या रविवारपासून दा. हरणीवर बसला नव्हता (ताप होता त्याला, माझं ऐकून नव्हे). मी मधे दोनदा जाऊन आले. बांबू आडवे टाकून त्यावरून चालवलं, पोटाखाली बोटं लावून पाठ उचलायला लावली, उजवीकडे गाजरं दिली. आज मान कुशीपर्यंत वळली! सगळं अंग न फिरवता. मी टाळ्या वाजवल्या. दा.पण हसला, मी पाहिलं.
मग लगेच खोगीर घालून चढला. नवीन लगाम साधा होता, एवढं मात्र त्यानं ऐकलं. दोन फेऱ्यांत हरणीची शेपटी फटाफट हलायला लागली. उजवीकडे वळायच्या जागी पुन्हा थांबली.
मी म्हटलं, "पाह्यलं? तू नसलास तं वळते. तू बसला का नाई वळत. आता तरी समज."
उतरला नाही. वरूनच म्हणाला, "दसऱ्याले मिरवणुकीत मी पुढं बसणार. बाबा बसत होते, मी बसतो. तेवढं झालं का इकून टाकतो. हिंगणघाटचा वरातवाला मागून राह्यला."
वरातवाला. म्हणजे पुन्हा काटेरी लगाम, डीजेच्या भोंग्यापुढे पाय आपटणं, रोज नवा नवरदेव, आधी कधी घोड्यावर न बसलेला.
मी म्हटलं, "खुबा नाई दाखवणार, पण घोडी इकशीन?"
"हो."
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी न जेवता निघाले. व.नं डबा गाडीत ठेवला, तो मी रागात तसाच राहू दिला, आंबला.

२२ सप्टें. घटस्थापना
घट बसवले. देवीपुढे काहीही मागितलं नाही, कारण मनात दा.बद्दल जे होतं ते देवीला सांगण्यासारखं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रवि.
गेले, फक्त हरणीसाठी. दा.शी बोलले नाही. तोही नाही. मी पाठीवर हात ठेवून उभी, तो लांब बाजेवर बसून बघत. अर्धा तास.
एकदाच बोलला. "तिले दुखते तं ते वरडत काऊन नाई?"
"घोडे नाई वरडत. उभे राह्यतात."
मला वाटलं आता उठेल, येईल. उठला आणि गाडी काढून दुकानात गेला. शंभर पावलांवरच्या दुकानात. गाडीनं!

२ ऑक्टोबर, दसरा
आल्या आल्या लिहायला बसले.
मारुतीच्या देवळापासून सीमेवरच्या आपट्यापर्यंत मिरवणूक. सगळ्यात पुढे घोडी, मग देवी, मग गाव. हरणीच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडू. दा. फेट्यात. खोगीर बघितलं तर खाली उशी नाही. गोधडी माझ्याकडे होती, पण घरात कापडांची काय कमी? दुसरी शिवता आली असती. व. कानाशी म्हणाली, "मी इचारलं होतं. नोको मने."
त्यामुळे दा. सगळ्या गावासमोर वाकडा दिसत होता. डावीकडे झुकलेला, उजवा पाय वर आखडलेला. कुणीतरी हसलंही. माझी मान खाली गेली. आपणच ही वेळ आणली असं वाटलं, आणि लगेच त्याचाही राग आला. मी का खाली घालू?
देवळानंतर रस्ता उजवीकडे वळतो. हरणी थांबली. मागून ढोल. लोक ओरडायला लागले, "मास्तर, हाना! हाना तिले!" एकानं काठी पुढे केली. दा.नं काठी घेतली.
मी गर्दीतून पुढे घुसले. मारलं असतं तर मी त्याच्या हातातून ओढून घेतली असती, दसरा असो की काही असो.
त्यानं ती परत दिली. मग डावीकडून खाली उतरला, उजवा पाय टेकताना तोंड वेडंवाकडं झालं. लगाम धरला आणि चालायला लागला. पायी. मिरवणुकीच्या पुढे. प्रत्येक पावलाला एक खांदा खाली, एक वर. तीन वर्षांत गावानं त्याला एवढं लांब चालताना पाहिलं नव्हतं. पुढचे ढोलवाले ठोका चुकले. मागच्यांना काही दिसलंच नव्हतं, ते वाजवत राहिले.
हरणी त्याच्यामागे उजवीकडे वळली.
मी रडले. राग गेला असं मुळीच नाही. रागातच रडले.
आपट्याखाली सगळ्यांनी सोनं दिलं-घेतलं. दा.नं मला दिलं नाही. मीही दिलं नाही.

३ ऑक्टोबर
व.कडून कळलं: गावात बोललं जातंय की घोडीनं ऐन दसऱ्याला मास्तरची अब्रू घालवली, असलं जनावर दारात ठेवू नये. कमाल आहे लोकांची. हिला दोष द्यायला सगळे तयार!
दा. कुणालाच काही उत्तर देत नाहीये. हिंगणघाटवाला रविवारी येतो म्हणाला. दा. त्याला ये म्हणाला. पाय सुजलाय, व. शेक देते म्हणाली तर नको म्हणतो.
मी फोन केला नाही. का करू? हरणी जाणार या विचारानं दोनदा फोन हातात घेतला, पण करू म्हटलं तर तोंडून शिव्या येतील.

४ ऑक्टोबर, शनिवार
संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला आणि दा.चा फोन. त्याचाच. व.चा नव्हे.
नमस्कार नाही, काही नाही. "सुषमा, तू मांगं होती ना परवा?"
"होती."
"मी पुढं होतो. मले दिसलं नाई. ते कशी चालत होती?"
मला वाटलं होतं तो आधी भांडेल. मी तयार होते भांडायला. म्हटलं, "सरळ. दोनई मागचे पाय सारखे पडत होते. पाठ सैल होती. मस्त चालत होती."
गोठ्यात उभा असावा, हरणी फुरफुरलेली ऐकू आली.
"आन मी?"
गोड बोलता आलं असतं. तसं बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि दादाशी तर नाहीच.
"वाकडा," मी म्हटलं. "लय वाकडा. सोमवारी दवाखान्यात ये."
"उद्या तो येऊन राह्यला, हिंगणघाटवाला."
"मले मालूम आहे."
फोन दोघांनीही ठेवला नाही. मग आंजीची रेंज गेली. त्यानं परत लावला नाही. मीही नाही.