आतल्या बटणाची ओळ

३ ऑक्टोबर, स्फाक्स

आले एकदाची! खोली छोटी आहे, पण खिडकीतून बंदर दिसतं आणि खालीच लबलाबीवाला आहे. सकाळीच गरम चणे, हरिसाची लाल तिखट चटणी आणि शिळ्या पावाचे तुकडे खाऊन कामावर गेले. नाक दुपारपर्यंत वाहत होतं.

बंदरावरच्या मासळीच्या शीतगोदामांची दारं ज्या प्रोग्रामवर चालतात, तो आमची कंपनी लिहिते. मागच्या अंगणात चाचणीसाठी एक छोटी थंड खोलीसुद्धा आहे. माणसं मोजकीच. मालकीण मादाम विदाद, जुने जाणते सी फौझी (‘सी’ म्हणजे इथलं ‘श्रीयुत’) आणि माझ्या वयाचा, सतत दात काढणारा गाझी. ओळी किती जागा सोडून सुरू करायच्या यावरून सी फौझी आणि गाझी भांडतात. नुसत्या रिकाम्या जागेवरून! म्हणून मला आणलंय. सगळा कोड आपोआप एकसारखा मांडणारा फॉरमॅटर मी बसवायचा. मादाम म्हणाल्या, पोरी, तू फक्त केस विंचर, डोक्याला हात लावू नकोस.

५ ऑक्टोबर

दिवसभर फॉरमॅटरचे नियम ठरवत होते. ओळीची रुंदी किती, जागा किती सोडायची, पर्याय एकाखाली एक कसे लावायचे. आमचा कोड ओकॅमलमध्ये आहे. ही भाषा मला आवडते. इथे एखाद्या नावाला एकदा मूल्य दिलं की ते सहसा बदलत नाही. जागेचा निकाल गाझीच्या बाजूने लागला, तर सी फौझी म्हणाले, माझा कोड आता शेजाऱ्याची विजार घातल्यासारखा दिसतोय. चहा मात्र त्यांनीच पाजला.

आधीचा आणि नंतरचा प्रोग्राम ताडून पाहिला. रूप बदललं, अर्थ तोच. फक्त दाराच्या फाइलमध्ये एक कमेंट जागची हलून खाली गेली आहे. कमेंट म्हणजे कंसात टाकलेला मजकूर, जो यंत्र वाचत नाही. फॉरमॅटर कधीकधी अशा कमेंटा सरकवतो. हाताने परत वर ठेवली.

१० ऑक्टोबर

ती पुन्हा खाली आली.

फॉरमॅटर दुसऱ्यांदा चालवला तर काहीच बदलायला नको. मांडलेलं पुन्हा काय मांडणार? पण ही कमेंट प्रत्येक वेळी थोडी सरकते, आणि नेहमी खालीच. गाझी म्हणाला, कमेंट आहे की खेकडा? मीही हसले. मग नियमांत लिहून टाकलं की या फाइलला हात लावायचा नाही.

१३ ऑक्टोबर

हात न लावताही सरकली. फाइलच्या नोंदीत बदल करणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. मी तेव्हा जेवत होते; सी फौझी समोरच बसले होते.

आज ती कमेंट पहिल्यांदाच नीट वाचली. ती माणसांसाठी लिहिलेली टीप नाहीच. ती एक आज्ञा आहे: आतलं बटण दाबलं, तर घंटा वाजव आणि दार सोड. कोणीतरी तिच्या दोन्ही बाजूंना कंस घालून तिला मुकी केली आहे.

गाझीला विचारलं तर त्याचे दात मिटले. सी फौझींनी मला बाहेर नेलं. म्हणाले, ऑक्टोपसच्या हंगामात दमट हवेने बटणं बिघडायची, घंटा उगाच वाजायची, गोदामवाले कावायचे. मादामने ती ओळ दोन दिवसांसाठी म्हणून कंसात टाकली. ती तशीच राहिली. मग दारांच्या रबरी पट्ट्या तपासणारा लमजेद आत अडकला. सकाळी सापडला तेव्हा त्याचा अंगठा बटणावरच गोठलेला होता. चौकशीत सगळ्यांनी गंजलेल्या तारेवर ढकललं. मी विचारलं, सगळ्यांनी म्हणजे? ते म्हणाले, मीसुद्धा, पोरी.

तोच प्रोग्राम आजही बंदरातल्या प्रत्येक दारावर आहे.

१४ ऑक्टोबर

मादामकडे गेले. सांगितलं की रोज माणसं आत जातात, ओळ परत चालू करू या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, आज चालू केली तर काल बंद होती हे कबूल केल्यासारखं होईल. पुसून टाक ती. पुन्हा बजावलं, तुझं काम केस विंचरण्याचं.

पुसली. त्यांच्यादेखत.

१७ ऑक्टोबर

परत आली आहे, कंसांसकट. आता बरोबर दाराच्या कडीच्या आज्ञेखाली. जिथे ती मुळात असायला हवी, तिथे. आता सरकत नाही.

अंगणातल्या थंड खोलीतून ठोकल्याचा आवाज येतो. गाझी म्हणतो, कॉम्प्रेसर असेल. कॉम्प्रेसर शुक्रवारपासून बंद आहे. त्यानेच बंद केलाय.

१९ ऑक्टोबर

आज मी कंस काढले. कोणाला विचारलं नाही. नवा प्रोग्राम चाचणीच्या दारावर चढवला.

लगेच घंटा वाजली. पडद्यावर आलं, आतून बटण दाबलं. आम्ही सगळे बाहेरच उभे होतो. दार आपोआप उघडलं, आत कोणी नाही. फक्त थंडी, कॉम्प्रेसर बंद असूनही. घंटा थांबेना. मादाम भडकल्या, म्हणाल्या, ही कटकट मीच संपवते, आणि तार कापायला पक्कड घेऊन आत गेल्या.

दार मागे लागलं. पडद्यावर — दार उघडं आहे. आम्ही तिघं ते ओढतोय आणि पडदा म्हणतोय उघडं आहे. आतून ठोकणं. आधी एकाचं. मग — दोघांचं.

२० ऑक्टोबर

अग्निशामकवाल्यांनी दार कापलं. आत पक्कड होती, तिच्यावर बर्फ. मादाम नाहीत. खोलीला दुसरं दार नाही. पोलीस तेच तेच विचारतात. सी फौझी घरी जाऊन आजारी पडलेत, फोन उचलत नाहीत. गाझी म्हणतो, ओळ परत कंसात टाक, पाया पडतो तुझ्या. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा कोणी अडकलं, तर?

२१ ऑक्टोबर

पाठवला. कंसाशिवायचा प्रोग्राम, बंदरातल्या सगळ्या दारांवर. बरोबर तेच केलं ना? बरोबरच आहे. आता आत अडकलेल्याचं ऐकू येईल.

नंतर, दुपारी —

खिडकीतून येतंय. एक घंटा. मग पलीकडच्या गोदामाची. मग धक्क्यावरची — एकेक करत सगळ्या —

गोदामवाले फोन करतायत. म्हणतायत, आमची माणसं बाहेरच आहेत, सगळी, मग आत बटण कोण दाबतंय? दारं या वेळी सुटत नाहीत. बाहेरून कडी ओढली तर उघडतील म्हणतात. ठोकणं फोनमधूनही ऐकू येतंय. आत माणूस असेल तर — आणि नसेल, तर बघायला आत जाणारा मादामसारखाच —

गाझी ओरडतोय, नाही म्हण, नाही म्हण.

पण त्या ठोकण्यात कोणीतरी मला हाक — मादामचा आवाज — पोरी म्हणतायत —

ते परत विचारतायत, उघडू का? मी त्यांना उघ