थोरल्या प्लॉटाची फायटिंग

२० नोव्हें.

सकाळपासून हिरो पळतोय. मागे पोलीस, पुढे ओढा. खरं तर हिरो व्हॅनिटी व्हॅनमध्ये झोपलाय आणि पळतोय हमीद, त्याचा डुप्लिकेट. पाच वेळा ओढ्यात उडी मारली. डिरेक्टर म्हणाला, "पाणी कमी उडालं." सहावी मारली.

घरी दादांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, कसला सिनेमा आहे रे? म्हटलं, खुनाचा खोटा आळ आलेला माणूस गावोगाव लपत हिंडतो, द्राक्षवाल्या एका विधवेच्या घरी आसरा घेतो आणि तिची बाग उपटायला आलेल्या तीस गुंडांना एकटा लोळवतो. दादा म्हणाले, "म्हणजे बागेत काम कुणीच करत नाही." रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तिरकं बोलणं काही रिटायर झालं नाही.

युनिटला जागा शोधून द्यायचं काम माझं, हे लोकेशनही मीच दिलंय. दिंडोरीजवळचं आत्याचं घर, अंगण, विहीर आणि माळाचा पडीक तुकडा. तिच्याकडे राहून दहावी केली मी. तिला शब्द दिलाय की थोरल्या प्लॉटात, तिच्या द्राक्षबागेत, युनिटचं कुत्रंही जाणार नाही. मणी हरभऱ्याएवढे झालेत तिथे. वर्षाचं सगळं तेच.

२२ नोव्हें.

ठरलं होतं की शेवटची फायटिंग माळावर, खोटी बाग उभारून. खांब, तारा, प्लास्टिकची पानं. आज कळलं, ते काम रद्द. आर्टवाले दुसऱ्या सेटवर गेले, येत नाहीत.

डिरेक्टर, म्हणजे आमचा डि., दुपारभर थोरल्या प्लॉटाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा. मग मला म्हणाला, "संजय, हे तर तयारच आहे. वेलींच्या तीन ओळी फक्त. ट्रॅक्टर आत, मांडव खाली, हिरो धुळीतून बाहेर. एका टेकमध्ये संपतं."

मी म्हटलं, ही जागा करारात नाही.

"करार आण."

आणतो म्हटलं. ऐटीत म्हटलं, हे विशेष.

२३ नोव्हें.

करार वाचला. तीनदा वाचला.

थोरला प्लॉट त्यात आहे. माळाचा तुकडा आणि थोरला प्लॉट एकाच गट नंबरात. आमच्याकडे कोण बागेला नंबराने ओळखतं? थोरला प्लॉट, विहिरीकडचा प्लॉट, माळ. मी सातबाऱ्यावरचा नंबर उतरवला आणि खूश झालो की काम नीट केलं. वर ओळ आहे, चित्रीकरणासाठी आवश्यक ते बदल करण्यास मालकाची संमती. खाली आत्याची सही. वळणदार, सावकाश केलेली. कागद इंग्रजीत. समोर मी धरला होता.

गाढव आहे मी.

२४ नोव्हें.

आत्याला सांगायला गेलो. ती भाकऱ्या करत होती. हमीद ओट्यावर बसून जेवत होता. युनिटचं जेवण सोडून रोज इथे येतो. मूळ गाव कोणतं विचारलं तर म्हणतो, "युनिट जिथं असतं तिथलाच." बारा वर्षं असाच हिंडतोय. आत्या त्याला हमीदभाऊ म्हणते आणि त्याच्या गुडघ्याला हळद लावायला लावते.

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पिठलं वाढून घेतलं. पाऊस, भाव, दादांची शुगर, सगळं बोललो. ते एक सोडून.

गाडीपाशी हमीद म्हणाला, "संजयभाई, आज तुम्ही पळत होता. मला कळतं, माझा धंदा आहे तो."

२५ नोव्हें.

सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, चहा यायच्या आत.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "तू म्हणला सही कर, मी केली. दुसरं कोणी असतं तर वाचून घेतलं असतं कोणाकडून."

मग म्हणाली, "ती बाग तुझे आतोबा गेल्यावर मी एकटीनं धरली. मला सिनेमाचं काय सांगू नको. तिथं ट्रॅक्टर घुसला, तर तू या घरात यायचं नाय. येशील तर मी उठून आत जाईन."

ती जाईल. लग्नात मानपान चुकला म्हणून सख्ख्या नणंदेकडे पाठ करून बसलेली बाई आहे ती.

ठरवलंय. तिथे ट्रॅक्टर जाणार नाही. कसं ते माहीत नाही.

२६ नोव्हें.

माहीत झालं!

शेजारच्या गावात राजारामभाऊंनी जुनी बाग काढलीय. खोडं बांधावर ढीग घालून ठेवलीत, सरपणाला. लोखंडी अँगल आणि तारांची भेंडोळीही तिथेच. मेलेली बाग आहे, पण बागच आहे. ती माळावर उभी करायची.

पानांचं काय? आत्याच्या मजुरांची मुकादम सुमनबाई म्हणाली, "अहो दादा, ज्यांची छाटणी उशिरा झाली त्यांच्याकडं आता जादा फुटवे काढताय. रोज गाडीभर पाला बांधावर फेकताय. तो बांधू की सुतळीनं." इतकी वर्षं मी या पाल्यावरून चालत गेलो, हे सुचलं नाही.

डि.ला सांगितलं. म्हणाला, ३० तारीख सकाळ. चांगलं दिसलं तर माळावर. नाही दिसलं तर थोरल्या प्लॉटात, आणि मग तोंड उघडायचं नाही.

२८ नोव्हें.

हाताला फोड. खोडं उचलून पाठ गेली. हमीद सुट्टीच्या दिवशी येऊन खड्डे घेत होता. "पडायच्या जागा मीच खणतो, मऊ राहतात." सहा ओळी उभ्या राहिल्या. लांबून बघितलं तर वाळकी बाग, जवळून बघितलं तर स्मशान. आत्या आली नाही बघायला. खिडकीतून बघते, मला दिसलं.

२९ नोव्हें.

चाचणी. सुमनबाईच्या बारा बायकांपैकी दोघी उजाडताच बसल्या. आठ वाजता एक ओळ हिरवीगार. मी नाचलोच. साडेदहाला पानांनी माना टाकल्या, अकराला सगळा चिवडा. मुळं नाहीत, टिकणार कशी?

म्हणजे सीन साडेनऊच्या आत व्हायला हवा. हिरो अकराच्या आधी व्हॅनिटीचं दार उघडत नाही. तीन आठवड्यांत एकदाही नाही.

व्हॅनिटीत जाऊन हात जोडले. माणूस वाईट नाही. फोनवरून मान वर करून म्हणाला, "हो हो दादा, नऊ वाजता." त्याच्या मॅनेजरने माझ्याकडे बघून डोळे मिटले.

३० नोव्हें.

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

साडेआठला सहाही ओळी हिरव्या. बायकांनी काल राहिलेल्या फांद्या ओल्या गोणपाटात ठेवल्या होत्या, त्याही लावल्या. डि. आला, हाताने पानं चाळली, म्हणाला, "अरे वा." मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

गुंड तयार. तीस जण, सगळे आसपासच्या गावातले, काळे शर्ट, कपाळाला लाल पट्टी. निम्मे स्वतः बागवाले, निम्मे बागेत कामाला जाणारे. ट्रॅक्टरवर भास्कर, तोही इथलाच. औषध फवारणीची त्याची रोजची लाईन.

नऊ. साडेनऊ. दार बंद. पावणेदहाला पानं मऊ पडली.

हमीद म्हणाला, "साहेब, लांबचे शॉट माझ्यावर घ्या. चेहरा नंतर." डि.ला पटलं. ट्रॅक्टर घुसला, तारा तुटल्या, मांडव आडवा झाला, हमीद त्याच्याखालून लोळत बाहेर. एका टेकमध्ये! टाळ्या पडल्या. सुमनबाई म्हणाली, "बाई गं, मेला की काय हा." नाही मेला. कोपर फोडून घेतलं फक्त.

सव्वाअकराला हिरो आला. ताजा, गोरा, दाढीला तेल. त्याच्या चेहऱ्यामागे मांडव पडताना हवा होता. मांडव तर पडून गेलेला. पानांचा पाचोळा.

डि.ने मान फिरवली. थोरल्या प्लॉटाकडे. "तीन ओळी. भास्कर, ट्रॅक्टर तिकडे घे."

मी आडवा गेलो. म्हटलं, नाही. डि. म्हणाला, कागद वाच. मी ट्रॅक्टरसमोरच उभा राहिलो. एवढ्यात भास्करने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"सायेब, बाग लेकुरवाळी हाय. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

डि.ला कळेना. म्हणाला, "अरे, भरपाई मिळेल मालकिणीला."

"मिळू द्या की. पन घड लागलेत. म्या नाय घालत."

दुसऱ्याला विचारलं. त्याने चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला. तिसरा म्हणाला, मला गाडी येत नाही. काल दारात ट्रॅक्टर घेऊन आला होता! तीसपैकी एकही पुढे आला नाही. खुन्नस म्हणून एकमेकांशी कोर्टकचेऱ्या करणारी ही माणसं. पण भरल्या वेलीवर ट्रॅक्टर? कुणीच नाही.

मग डि. हमीदकडे वळला. तो इथला नाही. त्याला ट्रॅक्टरही येतो आणि काम सोडणं परवडत नाही. त्याने होकार दिला असता तर मी त्याला दोष देऊ शकलो नसतो.

हमीद कोपराचं रक्त पुसत म्हणाला, "साहेब, मी हिरोचा डुप्लिकेट. हिरो जे करतो ते मी करतो. स्टोरीत हिरो बाग वाचवतो. मी कसा घालू?"

कुणीतरी हसलं. आधी एक, मग काळ्या शर्टांची सगळी रांग. हिरोसुद्धा हसला. तेच नडलं. डि. लालबुंद. पॅकअप.

१ डिसें.

हमीदला काढलं. सकाळी सिन्नरच्या एस.टी.त बसवून दिला, तिथल्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं आहे म्हणे. आत्याने भाकऱ्या बांधून दिल्या, ठेचा वेगळ्या पुडीत. स्टँडवर मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "बारा वर्षं दुसऱ्याच्या चेहऱ्याने मार खाल्ला. काल पहिल्यांदा माझा डायलॉग होता." गाडी सुटली आणि मला रडू आलं. भर स्टँडवर, चहावाल्यासमोर.

तिथून थेट नाशिकला, निर्मात्याच्या ऑफिसात. त्यांच्या माणसाला सांगितलं की गट नंबर चुकून पडलाय, चूक माझी आहे, माझ्या कामाचं काय करायचं ते करा, पण करारातली ती ओळ काढा. तो म्हणाला, "साहेबांशी बोलतो. पाहू." पाहू म्हणजे काय, हे मी या धंद्यात राहून शिकलोय.

संध्याकाळी डि.चा मेसेज. उद्या नऊची शिफ्ट. थोरला प्लॉट. ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर बाहेरून येतील.

उत्तर लिहिलं: मी गेटवर असेन. उघडणार नाही.

पाठवलं.

२ डिसें. सकाळ

गेटच्या दगडावर बसून लिहितोय. सव्वाआठ.

सातला आलो तेव्हा वाटलं होतं एकटाच असेन. सुमनबाईच्या बायका आधीच प्लॉटात, घडांची विरळणी करतायत, प्रत्येक ओळीत एकेक बाई. एरवी एका कडेने सगळ्या मिळून जातात. मी विचारलं, आज असं का? म्हणाली, "आज असंच करायचं ठरलं आमचं."

मग भास्कर आला. त्याच्यामागे दोघं, मग पाच. आता मोजले नाहीत, पण बांध भरलाय. सगळे काळ्या शर्टात. शूटिंग संपलं नाही म्हणून कपडेवाल्याने परत घेतले नव्हते, आणि नऊच्या शिफ्टचा मेसेज आम्हालाही आलाच की, म्हणतात. एकाने लाल पट्टीही बांधलीय. तंबाखू मळतायत, माझ्या कराराची यथेच्छ टिंगल चाललीय. "संजूभाऊ, पुढच्या टायमाला आमच्याकडून वाचून घ्या." ऐकून घेतोय. माझी लायकीच ती आहे.

ऑफिसचा फोन नाही. कागद अजून तसाच. बाहेरचा ड्रायव्हर कसा असेल कोण जाणे. त्याच्याही घरी बाग असेल, नसेल.

आत्या आत्ता आली. पंचवीस तारखेनंतर पहिल्यांदा माझ्यापाशी उभी राहिली. प्लॉटाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, तू आत जा, इथे काहीही होईल.

"मी कशाला जाऊ? बाग माझी हाय."

रस्त्याला धूळ दिसतेय. पुढे डि.ची गाडी, मागे निळा ट्रॅक्टर. काळे शर्ट उठून उभे राहिले. भास्कर पुढे निघाला तसा आत्याने त्याला हाताने थांबवलं.

"तू थांब. ह्यानं आणलंय त्यांना. हाच बोलंल." मग माझ्याकडे वळून, "ऊठ संज्या. आन् चपला घाल आधी, काटे हायत."

चपला घालतोय.