प्रीसेटची जागा

देवळाली कॅम्प

प्रिय हर्षाली,

तुझा तो व्हिडिओ पाहिला. नाकाला टेकलेला माइक, मागे शोभेची कुंडी आणि हातात सोल्डरिंग आयर्न, नवरदेवाने कट्यार धरावी तसं! अगं, तीन वर्षं माझ्या दुकानात बसलीस तेव्हा कुठे डायोडची सुलटी-उलटी बाजू कळली तुला. आणि आता साठ हजार लोकांना शिकवतेस? पी हळद नि हो गोरी, दुसरं काय!

काय तर म्हणे, अ‍ॅम्प्लिफायरचा बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा करंट, ठरवणारा प्रीसेट, तो पेचकसाने फिरवायचा छोटा कंट्रोल, अशा जागी लावा, की आतला सरकता काटा उद्या सुटला तरी करंट कमी व्हावा, वाढू नये. पहिल्यांदा चालू करताना बायस अगदी कमीवर ठेवा. वा गं वा, पंडिता! हेच तू माझ्या टेबलाशी, माझ्याच बोर्डावर बोट ठेवून म्हणाली होतीस. चार गिऱ्हाइकांदेखत तुझी अक्कल काढली मी आणि हाकलून दिलं. तीस वर्षं माझा बोर्ड वाजतोय, कालची पोर मला काय शिकवणार?

परवा वणीहून माझं जुनं गिऱ्हाईक बहिरू आला, मी बनवून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर पोत्यात घालून. चौदा वर्षं वाजला. धुळीने प्रीसेटचा काटा सुटला, बायस चढला, ट्रान्झिस्टर लालबुंद होऊन बोर्ड पेटला आणि वर घातलेला रुमालही. विझवताना त्याच्या आईचा, सगुणाबाईंचा, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो बावळट माझ्यावर चिडलासुद्धा नाही. नवीन बनवून द्या म्हणाला, असाच. थू माझ्या उस्तादीवर!

व्हिडिओत तू एवढंच म्हणतेस, की एका दुकानात असा चुकीचा बोर्ड पाहिला होता. कुठल्या दुकानात, ते गिळलंस. माझी लाज राखलीस. नको राखू. असे दोन-अडीचशे डबे गावोगाव आहेत आणि कोणाच्या घरी, ते मला ठाऊक नाही. माझं ऐकणार कोण? तुझं लोक ऐकतात. डब्याचा फोटो सोबत पाठवतोय. उद्याच नवीन व्हिडिओ कर. दुकानाचं नाव घे, माझं घे. प्लग काढा, डबा आणून द्या, रियाज शेख बदलून देईल म्हणावं. चूक कोणाची, तेही स्पष्ट सांग. आणि सांगताना चाचा म्हणू नकोस. लोकांना वाटेल, सांभाळून घेतेस.

तुझाच,
रियाज