पेगने न लिहिलेला शब्द

गॉलवे, आयर्लंड
४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
उत्तराचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर मी ओरडते, तुम्ही भलतंच उत्तर देता आणि शेवटी दोघंही हसून ठेवून देतो, त्यापेक्षा हे बरं. शिवाय सेलूच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला शुद्धलेखनाच्या चुका काढायला काहीतरी मिळायलाच हवं.

तुम्ही विचारलंत, दिवसभर करतेस काय. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्याला जुन्या, दुर्मीळ कागदांचं दालन आहे. पिशवी बाहेर ठेवायची, शाई आत न्यायची नाही, फक्त शिसपेन्सिल. मग तिथल्या ब्रिजेटबाई राखाडी पेटी आणून देतात. कागद उशीवर ठेवायचा आणि झोपलेल्या बाळाची मान सावरावी तसं पान उलटायचं. प्रबंधासाठी माझ्या वाट्याला पेग नावाच्या बाईच्या पत्रांच्या पेट्या आल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीची, समुद्रकाठच्या खेड्यातली विधवा. मुलगी डेलिया अमेरिकेत घरकाम करायची. पेगला लिहिता येत नव्हतं आणि इंग्रजीही येत नव्हतं. मुलीला काय कळवायचं ते ती आयरिशमध्ये सांगायची आणि गावचा मास्तर ते इंग्रजीत उतरवायचा. गाय व्याली, बटाटे बरे आले, पाद्री आजारी आहे. आणि शेवटी, दर पत्रात, मी मजेत आहे.

मीही मजेत आहे. रविवारी मात्र ग्रंथालय बंद असतं. गेल्या रविवारी संध्याकाळी दुकानात पाव घ्यायला गेले तर आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते. आई असती तर म्हणाली असती, कार्टीची बडबड संपली एकदाची.

जेवण वेळेवर घ्या. माया आहेच, ती पत्रातूनही दाखवत जा.

तुमची,
उत्तरा


सेलू
२९ सप्टेंबर २०२४

चि. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

अक्षर बघून घाबरू नको. न्हाणीत पाय घसरला, उजव्या हाताला प्लॅस्टर आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितो आहे. माझ्या वर्गात कुणी असं अक्षर काढलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

बाकी खुशाल. मोंढ्यात अजून कापूस आलेला नाही, जिनिंगवाले यंत्रांना तेलपाणी करायलेत. शेजारची माधवी दोन्ही वेळा डबा देते. बिचारी काहीतरी विचारते, मी मान हलवतो. एकदा बहुधा चुकीच्या जागी हलवली, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा कारल्याचीच भाजी आली. संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बसायचो, ते सध्या बंद ठेवलं आहे.

तुझ्या आईचं, सुमंगलाचं, वर्षश्राद्ध नीट झालं. तू नव्हतीस त्याचं मनाला लावून घेऊ नको.

तुझ्या पेगबाईंचं पुढे काय झालं ते मात्र कळव. पोरगी परत आली का? घाई नाही. तुझं पत्र येईपर्यंत विचार करायला मला तेवढंच पुरतं.

थंडीत कान झाकून हिंड. आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.

तुझा,
अण्णा


बोरी, ता. जिंतूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. उत्तराबाईस,
नर्मदाआत्याचा पोटभरून आशीर्वाद.

मी सांगायले आन् नात अर्पिता लिहायलीय. ती म्हणती, शुद्ध करून लिहिते. मी म्हणलं, मी बोलते तसंच लिही, न्हाईतर पोरीला वाटंल तहसीलदाराचा कागद आला. फोन केला असता, पण फोनवर तू रडायलीस की मला पुढचं सुचत न्हाई.

तुझ्या बापानं तुला न्हाणीत पडलो म्हणून कळवलंय. ते खोटं हाय. स्टेशनच्या रस्त्याला मागून टेम्पो आला. डायवरनं भोंगा वाजवून वाजवून जीव काढला, ह्याला ऐकूच न्हाई. लय लागलंय. हात मोडला, बरगडीला मार हाय. परभणीच्या दवाखान्यात हप्ताभर होता. उत्तराला कळवायचं न्हाई म्हणून त्यानं आमाला समद्यांला शपथ घातली. इतके दिवस पाळली. आता न्हाई पाळत, माझ्या भावाला काय व्हायचं ते मी शपथ मोडल्यानं होत न्हाई.

खरं दुखणं हाताचं न्हाईच. ह्याला ऐकू येत न्हाई म्हणून लोक बोलंनात, आन् लोक बोलंनात म्हणून हा बाहेर पडंना. तुझी आई होती तवर ती खुणेनं समदं सांगायची. मी म्हणलं, व्यंकट, बोरीला चल, माझ्याजवळ ऱ्हा. तर म्हणतो, अक्का, उत्तराचं पत्र सेलूच्या पत्त्यावर येतं. मी इकडं आन् पोस्टमन दारातून परत गेला तर? आता ह्याला काय म्हणावं, तूच सांग.

मी तुला ये म्हणत न्हाई. पण ठावं असू दे.

जिवाला जप. ह्या म्हातारीवर जीव हाय तो ऱ्हाऊ दे.

तुझी,
नर्मदाआत्या


गॉलवे
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. नमस्कार. रागावले आहे, तरी नमस्कार पुरता आहे.

मला सगळं कळलं. आत्याला एक शब्द बोलायचा नाही. तिचं पत्र मी दालनाच्या दाराशीच उघडलं आणि तिथेच बसले. ब्रिजेटबाई मला त्यांच्या चहाच्या खोलीत घेऊन गेल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगत सुटले. बोलता बोलता केव्हा मराठीत शिरले ते मला कळलंच नाही. त्यांनी मला थांबवलंही नाही.

तुम्ही डेलियाचं विचारलं होतंत. ती परत आली नाही. आईची पत्रं तिने जपली, तिच्या नातवंडांनी ती इथे दिली, म्हणून पेटीत आहेत. डेलियाची पत्रं मात्र नाहीत. ती पेगच्या इच्छेप्रमाणे तिच्याबरोबरच पुरली, असं मास्तरने मागून कळवलं आहे. अण्णा, मी सगळी पत्रं वाचली. छप्पर गळतंय, डोळ्यांना दिसेनासं झालंय, गाय दुसऱ्याला दिली, सगळं त्यात आहे. फक्त ‘ये’ हा शब्द कुठेही नाही. तिने तो म्हटलाच नाही, की मास्तरने लिहिला नाही, हे आता कुणाला विचारायचं?

मी इथलं काम सोडायचं ठरवलं आहे. मार्गदर्शक बाईंना सांगूनही टाकलं. त्यांनी जानेवारीपर्यंत विचार करायला सांगितलं, पण माझा विचार झाला आहे. तुम्ही नको म्हणणार, ते मी ऐकणार नाही.

रागातही माया तेवढीच आहे.

तुमची,
उत्तरा


सेलू
४ डिसेंबर २०२४

चि. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

अक्कावर रागावलो नाही. खोटं बोललो, एवढंच आता म्हणतो.

तुझं पत्र वाचून लगेच उत्तर लिहिलं. येऊ नको, माझी काळजी करू नको, काम मोठं आहे, वगैरे. सुरेख झालं होतं. पाकीट चिकटवून स्टेशनजवळच्या पेटीपर्यंत गेलो, आणि हात पुढे होईना. तुझी पेग आठवली. तीही असंच नीटनेटकं सांगत राहिली असेल, आणि तिकडे पोरगी समजत राहिली की आई मजेत आहे. पाकीट तसंच घरी आणून फाडलं.

तेव्हा लिहितो. उत्तरा, ये. मला करमत नाही. सुमंगला गेल्यापासून या घरात कुणी मला उद्देशून बोललेलं नाही. मी कधी कधी मोठ्याने वर्तमानपत्र वाचतो, पण तेही मला ऐकू येत नाही.

मात्र काम सोडून येऊ नको. कायमची आलीस तर मी रोज तुझी नजर चुकवीन, आणि तू भाकरी थापताना त्या पेट्यांचा विचार करशील. महिनाभर ये. माझ्याशी भांड, मला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं तर ने, आणि परत जा. तू इथे असावीस आणि तू तिथे असावीस, दोन्ही मला एकदमच वाटतं. तर्काला धरून नसेल तर नसू दे.

वाट बघतो. हे वाक्य पहिल्यांदाच लिहितो आहे.

तुझा,
अण्णा


सेलू
२० फेब्रुवारी २०२५

चि. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचा निरोप माधवीच्या फोनवर आला. पुन्हा दालनात बसायला लागलीस, हे वाचून बरं वाटलं.

परभणीला बसवून दिलेलं यंत्र कानात आहे. तू होतीस तोवर त्याची मजा वाटली. तुझी बडबड, अक्काचं तुला रागावणं, दोघींचं माझ्यामागे कुजबुजणं, जे मी ऐकलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुला गाडीत बसवून घरी आलो. कुलूप उघडल्याचा खटका ऐकू आला. मग फ्रिज. मग पंखा. हे घर इतकं रिकामं आहे हे मला दीड वर्ष ऐकूच आलं नव्हतं. यंत्र काढून डबीत ठेवलं. एकदम निवांत झालं, जुन्यासारखं. मग पुन्हा घातलं.

काल दुपारी मागच्या अंगणात होतो. दारातून कुणीतरी व्यंकटराव म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली. माझ्याच ‘ओ’ला मी दचकलो. पोस्टमन लिंबाजी होता. तुझं पत्र नव्हतं, बँकेचं पाकीट होतं. तरी त्याला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, सर, तुम्ही बोलत नाही म्हणून मी आजवर पत्र दारात टाकून जायचो, आज सहज हाक मारून बघितली. मग तो आपल्या सुनेची तक्रार सांगत बसला. मी सगळी ऐकली.

तो उठताना मी त्याला म्हणालो, पत्र नसलं तरी हाक मारत जा.

काळजी घे. माझ्याकडे आहे तेवढा सगळा लोभ पाठवतो, उत्तरी थोडा परत येऊ दे.

तुझा,
अण्णा