राहिलेली कानपिळी

सुदुंबरे,
१० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. समीक्षाताईस,

सा. न. वि. वि. आज नमस्कार खरोखर साष्टांग हाय, आडवा पडूनच लिहितोय असं समज. इकडं सगळी खुशाल. आईचे गुडघे सोडले तर.

ताई, तू माझा फोन उचलत न्हाईस. दाजींना लावला तर ते बरंय म्हणत्यात आन् ठेवत्यात. शेवटी तुझा निरोप आला की काय सांगायचं ते कागदावर लिही, फोनवर तू दुसऱ्याला तोंड उघडू देत न्हाईस. हे बाकी खरं हाय. क्रिकेटचं समालोचन करून करून मला ती खोडच लागलीय. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. तिथला माणूस माझ्याकडं असा बघत होता, जसं काय मी म्हैसच मागितली.

आता मुद्द्यावर येतो. गावच्या चषकात तुमच्या ठाकरवाडीचा संघ मी कमिटीशी भांडून घेतला, तुला ठाऊक हाय. आपला कमिटीवाला संदेश म्हणत होता, ती पोरं कशाला, त्यांच्याकडं ड्रेस तरी हाय का. मी म्हणालो, माझे दाजी हायत त्यात, बघाच. आन् दाजींनी पहिल्याच ओव्हरला आपल्या प्रदीपची दांडी उडवली, तेव्हा गाव गप होतं, माईकवर मी एकटा ओरडत होतो. यूट्यूबवर बघ, अजून ऐकू येतंय.

त्याच्यापुढं जे बोललो त्यावरनं एवढं रामायण. काय बोललो मी? की बघा, कड्यावरचं माणूस, बूट आजच पायात घातलेत तरी काय पळतंय! आन् मंडळी, खिसे सांभाळा, ह्यांनी आमच्या गावातनं एक वस्तू आधीच चोरून नेलीय, आता चषक न्यायला आलेत! वस्तू म्हंजे तू गं! लोक हसून लोळले. दाजी बी हसले, व्हिडिओत दिसतंय. मेहुण्यानं दाजींची चेष्टा करायची न्हाई तर कुणी करायची? तुमचं लग्न कोर्टात झालं, आबांनी मला तिकडं फिरकू दिलं न्हाई. नवरदेवाचा कान पिळायचा माझा हक्क तसाच राहिला. राहिलेली कानपिळी मी माईकवर केली, एवढंच समज. मनात काळं असतं तर वाडीचा संघ घेतला असता का? देवाशप्पथ सांगतो, माझ्या मनात काय बी नव्हतं.

तुमची वाडी फायनलला पोचलीय आन् दाजी खेळणार न्हाईत म्हणं. असं करू नका गं. आई रोज विचारतीय, सातवा लागला, डोहाळजेवणाला कधी आणू. काल आबा स्वतःहून म्हणाले, पहिलं बाळंतपण हितंच व्हायचं, जावयांनी बी यायचं. जावई हा शब्द आबांच्या तोंडातनं पहिल्यांदा निघाला, ताई. आई चुलीम्होरं बसून रडली. एवढं सगळं जुळत आलेलं एका चेष्टेपायी मोडू नको.

लोभ असावा, न्हाईतर निदान फोन तरी उचलावा.

तुझा धाकटा,
अमृत


बेडसे, ठाकरवाडी,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास,

अ. उ. आ. मोठी आहे म्हणून आशीर्वाद द्यावेच लागतात. तुझं अक्षर अजून तिसरीतच आहे. म्हशीचं वाचून मला हसू आलं आणि मग माझाच राग आला. तू कायम असाच हसवून निसटतोस. पत्र लिही म्हटलं ते त्यासाठीच, कागदावर मध्येच टाळ्या पडत नाहीत.

हे हसले म्हणतोस. अरे, मैदानाच्या मधोमध उभा माणूस, चारी बाजूंनी गाव तुझं, माईक तुझ्या हातात. त्यांनी काय करायला हवं होतं? भांडले असते तर संदेशच म्हणाला असता, बघा, म्हणून ह्यांना बोलवत नव्हतो. हसणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

पुढचं तुला माहीत नाही, ते सांगते. ह्यांची कंपनी तुमच्याच बाजूला. कामशेतहून लोकलनं बेगडेवाडीला उतरायचं, तिथून कंपनीच्या गाडीनं जायचं. सुटताना गेटवर सगळ्यांच्या पिशव्या वरवर बघतात, ती तिथली रीतच आहे. पण तुझा व्हिडिओ फिरल्यापासून वॉचमन ह्यांची पिशवी पालथी करतो. डबा उघडायला लावतो. दाजी, आज काय नेताय, असं हसत हसत विचारतो आणि मागची रांग हसते. ह्यांनी साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, अरे, तुझ्या मेहुण्यानंच म्हटलंय, तो गेटवरचा चेष्टा करतोय, मनावर कशाला घेतोस. आता सांग, घरच्याच माणसानं म्हटल्यावर परक्याला कुठल्या तोंडानं अडवायचं? माझ्या सासूबाई, सावित्राबाई, सांगतात की त्यांच्या लहानपणी खाली गावात कुणाची कोंबडी गेली तरी आधी वाडीवर माणसं यायची, मडकी उलथीपालथी करायची. तू गंमत म्हणून जो शब्द उचललास तो ह्या घरात कधी गंमत नव्हता.

आणि कानपिळी म्हणतोस? कानपिळी कशी होते ते आठव. आधी नवरदेवाचे पाय धुतात, त्याला पाटावर बसवतात, ओवाळतात, आणि मग मेहुण्यानं कान धरायचा. ह्यांच्यासाठी आपल्या दारात पाट कुणी मांडला होता रे? तू थेट कानालाच हात घातलास.

तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. थोरल्या सविताताईचे मालक समर्थराव त्याच दिवशी वडगावच्या संघातून खेळायला आले होते. तेही तुझे दाजीच. त्याच माईकवर तू काय म्हणालास? वडगावचे आमचे जावई श्रीयुत समर्थराव यांचं मैदानावर आगमन झालंय, कमिटीनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. ते दोन चेंडूंत बाद झाले तरी तू दुर्दैवी म्हणालास. त्यांनीही आपल्या गावातून एक वस्तू नेलीच आहे ना? मग त्यांना चोर का नाही म्हणालास? त्यांच्या बुटांकडे तुझं लक्ष का गेलं नाही?

मला गुदमरायला होतं, अमृत. माहेरी यावं तर मी तिथं लाड करून घेणार आणि हे रोज त्या गेटातून पिशवी पालथी करून घेणार. न यावं तर आईचा जीव जाईल. ह्यांना चला म्हणायची हिंमत नाही. हे मला जाऊ नको म्हणत नाहीत, त्यानं तर आणखीच कोंडल्यासारखं होतं. सासूबाईच म्हणतात की जा, इथून दवाखाना लांब पडतो. माझी माफी मागू नकोस. जिथं बोललास तिथंच काय ते बोल.

आईला गोळ्या वेळेवर घ्यायला सांग. माझा लोभ आटलेला नाही, आटला असता तर एवढं लिहिलंच नसतं.

तुझी,
समीक्षाताई


सुदुंबरे,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. आज गंमत न्हाई.

समर्थदाजींचं वाचलं आन् व्हिडिओ परत लावला. तू म्हणतीस तसंच हाय. माझ्या मनात काय नव्हतं असं मी छातीला हात लावून लिहिलं होतं. मग समर्थदाजी आले तेव्हा ते शब्द तोंडावर का आले न्हाईत, ह्याचं उत्तर मला सापडंना. ठरवून बोललो असतो तर निदान ठरवलं तरी असतं. न ठरवता आलं, ह्याचीच मला लय लाज वाटतीय.

संदेशला म्हणालो, फायनलला मी माईकवर माफी मागतो. तो उसळलाच. म्हणाला, चेष्टा होती तर माफी कशाला? आन् माफी मागितलीस म्हंजे चेष्टा नव्हती, असंच ठरतंय, मग ॲट्रॉसिटीची केस लागली तर सगळी कमिटी आत जाईल. पोरं म्हणाली, ह्यो वाडीचा झाला. आबांना विचारलं तर आबा म्हणाले, गावाला दुखवू नको, ह्याच पोरांत जन्म काढायचाय, आन् जावयाला बी घेऊन ये. दोन्ही एका दमात सांगितलं आन् गोठ्यात निघून गेले. तूच सांग, कसं करायचं ह्या माणसाचं?

तरी मी बोललो. काल फायनलला एक डाव झाल्यावर माईक धरला आन् म्हणालो, मंडळी, माझे दाजी हृतिक ह्यांना मी ह्याच माईकवर चोर म्हणालो. ते चोर न्हाईत. माझं चुकलं, मी त्यांची माफी मागतो. ताई, आख्खं मैदान हसाय लागलं! त्यांना वाटलं, अमृत आता कायतरी पुढं जोडणार. कोणतरी ओरडलं, बहिणीनं भाऊबीज बंद केली का. मी म्हणालो, न्हाई हो, खरंच सांगतोय. त्यावर तर शिट्ट्याच पडल्या. जितकं खरं बोलाय जावं तितकं हसू. शेवटी संदेशनं हसत हसत माईक काढून घेतला आन् म्हणाला, आमच्या समालोचकाला घरचा मार पडलाय, जोरदार टाळ्या! डीजे बी वाजवला. एवढी वर्षं लोकांना हसवलं ना मी, आता माझं रडणं बी त्यांना हसण्यावारीच जातंय.

वाडीचे कप्तान शिदू, दाजींचे चुलतभाऊ, माझ्यापासनं हाताच्या अंतरावर उभे होते. ते तेवढे हसले न्हाईत. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आन् पोरांकडं निघून गेले. दाजींवाचून तुमची वाडी हरली.

आता माझ्या माफीचाच व्हिडिओ फिरतोय. दाजी चोर न्हाईत असं लिहिलेलं स्टिकर काढलंय कुणी. इथनं पुढं दुसरा समालोचक बघा म्हणून कमिटीला सांगितलं, तर ते बी त्यांना चेष्टाच वाटली. आज सकाळी बेगडेवाडीच्या फलाटावर जाऊन थांबलो. दाजी उतरले, माझ्याकडं बघितलं, मान हलवली आन् कंपनीच्या गाडीत बसले. मला बोलाय जमलं न्हाई. मला, ताई! अजून कुटं जाऊन काय बोलू ते तूच सांग.

लोभ कर म्हणायला तोंड न्हाई. तरी कर.

अमृत


बेडसे, ठाकरवाडी,
२ मार्च २०२५

चि. अमृत यास,

अनेक आशीर्वाद, आणि ह्या खेपेला हात न राखता.

तुझं माफीचं बोलणं ह्यांनी माझ्या फोनवर पाहिलं. लोक हसायला लागल्यावर आवाज बारीक केला आणि तुझ्या तोंडाकडे बघत बसले. मग म्हणाले, पोरगं खरं बोलतंय. मला तेवढ्यानं रडू आलं. पण दुसऱ्याच दिवशी वॉचमननं, दाजी चोर न्हाईत, असं गाण्यासारखं म्हणत पिशवी पालथी केली. तू काढलेला काटा त्यांनी दुसऱ्या बाजूनं घातला. त्यात तुझी चूक नाही, पण टोचायचं ते टोचतंच. हे आता लोणावळ्याला हॉटेलात काम शोधतायत. पगार कमी आहे, पण तिथं तुझं क्रिकेट कुणी बघत नाही म्हणे.

डॉक्टरांनी माझा रक्तदाब वाढलाय सांगितलं. दवाखान्याजवळ राहायला हवं. म्हणजे मला माहेरी यावंच लागणार, माझ्या मर्जीचा प्रश्नच उरला नाही. आनंदानं येत नाहीये, हे आईला सांगू नकोस. डोहाळजेवण करू नका. हे येणार नाहीत. रविवारी तू एकटा घ्यायला ये, पोरांना आणू नकोस.

खाली ह्यांनी स्वतः लिहिलंय. मी वाचलेलं नाही, मला वाचू दिलं नाही.

तुझी,
समीक्षाताई

अमृत,

नमस्कार. मला तुज्यासारकं लिवता येत न्हाई. तू माफी मागितलीस ती मी ऐकली. लोकं हसली त्यात तुजा दोष न्हाई. मी डूख धरून न्हाई. समीक्षाला नीट ने, गाडी हळू चालव, कान्ह्याजवळ रस्ता खराब हाय.

एकच इचारतो. पोर तुमच्या घरात जनमणार. तू मामा. मामानं भाच्याची चेष्टा करायची आसती, ती तू कर, मी आडवणार न्हाई. पर ते निम्मं तुमचं आन् निम्मं ठाकराचं. थोडं मोठं झालं की कुणाचं तरी खेळणं उचलून घरी आणंल, ल्हान पोरं आणत्यातच. तवा सगळी हसतील, तू बी हसशील. त्या वक्ताला तुज्या तोंडावर पयला सबूद कोणता येईल, तेवढा लिवून धाड.

मग मी येतो.

हृतिक